सलाईनच्या यंत्राआधी कागद

भावा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुझं सलाईनचे थेंब मोजणारं यंत्र बघितलं. काम एक नंबर! पण त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नकोस. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज कर, पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात.

घर गहाण टाकायची घाई नको. बायरॅक, म्हणजे बायोटेक उद्योगांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था, तिची ‘बिग’ ग्रँट बघ. 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत, आणि ते कर्ज नव्हे. पुण्याचं व्हेंचर सेंटर हे स्टार्टअपना मदत करणारं केंद्र त्यात भागीदार आहे, अर्ज भरण्याआधी तिथं एकदा जाऊनच ये.

माझा पहिला अर्ज नापास झाला होता. सर्किटवर चार पानं लिहिली, पण एकाही सिस्टरशी बोललो नव्हतो. मग तीन रात्री वॉर्डात बसलो, तेव्हा कळलं की ग्लोव्हज घातलेल्या बोटानं माझं बटण दबतच नाही. दुसऱ्या अर्जात ते लिहिलं आणि मुलाखतीत सगळी चर्चा त्याच्यावरच झाली. तूही आपल्या सीपीआर हॉस्पिटलच्या सिस्टरांना आधी विचार.

आणि 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम वाच. कमी जोखमीच्या ए-बी वर्गाला उत्पादनाचा परवाना राज्य देतं, जास्त जोखमीच्या सी-डीला केंद्र. तुझा वर्ग कळला की खर्चाचा अंदाज घेऊन ये, रविवारी बसू.