गांधीजींच्या वस्तू जमवायच्यात? आधी एवढं बघ

मस्त नाद आहे, पण लगेच चष्मा-घड्याळाच्या मागे लागू नको. 2009 ला न्यूयॉर्कच्या लिलावात बापूंचा चष्मा, चपला, झेनिथचं घड्याळ आणि ताट-वाटी मिळून 18 लाख डॉलरला गेलं, आपलं काम नाही ते. सहीचं पोस्टकार्ड शोध.

- "आजोबांना बापूंनी स्वतः दिलं" एवढ्यावर पैसे काढू नको, कोणाकडून कोणाकडे आलं त्याचा कागद नाहीतर जुना फोटो तरी माग.
- पत्र लॅमिनेट अजिबात नको, वाट लागते.
- शंभर वर्षांवरची वस्तू, आणि ऐतिहासिक पत्र-कागद असेल तर 75 वर्षांवरचाही, 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतो, परदेशात पाठवायचं डोक्यातही आणू नको.

अक्षर ओळखणं पुढचं प्रकरण, बापू उजवा हात थकला की डाव्याने लिहायचे, त्यामुळे वेगळं दिसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नको.