सुलेमानियापासून सुरुवात करताय? मग आधी एवढंच करा

कुर्दी इतिहास वाचायला सुलेमानिया शहरापासून सुरुवात, विषय झकास निवडलात. पण पुस्तकांच्या ढिगाला हात घालण्याआधी नकाशा उघडा, तोही डोंगर-दऱ्या दाखवणारा. इराकच्या ईशान्येला शहर सापडेल: पाठीशी गोयझा आणि अझमारचे डोंगर, आग्नेयेला शहराझूरचं सुपीक मैदान, पलीकडे इराणची सरहद्द. हे डोळ्यांत बसलं की इतिहास निम्मा सोपा होतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- कुर्दी शहर म्हणजे प्राचीनच, असं धरून चालतात. हे वसलं १७८४ साली. इब्राहिम पाशा बाबान या कुर्दी राज्यकर्त्यानं आपली राजधानी इथे हलवली. प्राचीन वस्ती शोधायची तर शहराझूरमध्ये.
- बाबान घराणं वगळून थेट सद्दामवर उडी मारतात. हे तर करूच नका! उस्मानी आणि इराणी सत्तांच्या कात्रीत बाबान कसे तगले, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट लागत नाही. सोरानी या कुर्दी बोलीतली कविताही त्यांच्याच आश्रयानं बहरली. नाली हा कवी तिथेच भेटेल.

मग १९२२ मध्ये स्वतःला राजा म्हणवणारे कुर्दी नेते शेख महमूद, आणि सद्दामविरुद्धचा १९९१ चा कुर्दी उठाव. शहरातल्या अम्ना सुराका या सद्दामच्या काळातल्या तुरुंगात आता संग्रहालय आहे. अन्फाल, म्हणजे सद्दामच्या राजवटीनं चालवलेल्या कुर्दांच्या संहाराच्या मोहिमेतल्या बळींसाठी तिथल्या एका दालनाच्या भिंतींवर आरशाचे १,८२,००० तुकडे बसवलेत. फोटो जरूर पाहा.

पक्षांचं राजकारण आणि टोळ्यांच्या वंशावळी सध्या नकोत. त्यात शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही.