अक्कलदाढ नेहमीच्या डेंटिस्टकडे काढावी की सर्जनकडे?

तुमचा प्रश्न असा: खालची डावी अक्कलदाढ तिरकी आहे, वर्षभरात दोन-तीनदा हिरडी सुजली, नेहमीच्या डेंटिस्टनी काढायला सांगितलंय. तर त्यांच्याकडेच काढावी का, आणि अंबडच्या कंपनीतून सुट्टी किती टाकावी?

मी नाशिकमध्येच जनरल प्रॅक्टिस करतो. काही अक्कलदाढा स्वतः काढतो, काही सर्जनकडे पाठवतो. कुठली स्वतः काढायची आणि कुठली पाठवायची, हे ओपीजी बघितल्याशिवाय मी सांगतच नाही. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. खालच्या दाढांच्या मुळांखालून एक नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. मुळं तिच्यावर टेकलेली दिसली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन करून घ्यावा लागतो. अशी दाढ मी हातात घेत नाही, ओरल सर्जरीत एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण केलेल्यांकडे पाठवतो. नस दुखावली तर ओठ महिनोन् महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा. हे पेशंटला सहीच्या आधी सांगायलाच हवं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर तुम्ही विचारा.

वरची किंवा सरळ उगवलेली दाढ अनुभवी डेंटिस्ट सहज काढतात. तिरकीला हिरडी उघडावी लागते, थोडं हाड कोरावं लागतं आणि बहुतेक वेळा दाढेचेच दोन-तीन तुकडे करून बाहेर काढावे लागतात. कोरताना सलाइनची धार सतत हवी, नाहीतर हाड तापतं आणि मग जखम भरायला फार रडवते. आपल्याकडे बऱ्याच क्लिनिकमध्ये सर्जन ठरलेल्या दिवशी येऊन काढून जातात. त्यात वावगं काही नाही, पण प्रत्यक्ष कोण काढणार आणि रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, हे आधी विचारून ठेवा. खर्चाचा प्रश्न असेल तर पंचवटीत के. बी. एच. डेंटल कॉलेज आहे, तिथे ओरल सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे.

काढावी का, यावर थोडक्यात: काहीच त्रास न देणारी, हाडात गाडलेली दाढ उगाच काढू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं 2000 सालीच तसं सांगितलंय. तुमची हिरडी मात्र पुन्हा पुन्हा सुजतेय, म्हणजे काढण्यात अर्थ आहे. फक्त भर सुजेत, तोंड उघडत नसताना घाई नको, आधी इन्फेक्शन उतरू द्या.

त्या दिवशी पोटभर जेवून जा. ही भूल फक्त जबड्यापुरती असते, उपाशी राहायची गरज नसते. बीपी, शुगर, दमा, हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका, तुमच्या फिजिशियनशी बोलूनच ठरवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. पुढची सगळी काळजी त्या गुठळीसाठी. मागे दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका घेऊन आले होते. गोळी खाऊनही रात्रभर झोप नाही. आरसा लावून बघितलं तर खड्डा रिकामा, तळाशी करडं-पांढरं उघडं हाड आणि उग्र वास. तोंडात रक्ताची चव येते म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळपासून खळखळून चुळा भरल्या होत्या. याला ड्राय सॉकेट म्हणतात. कोमट सलाइननं खड्डा धुऊन लवंगतेलाच्या अर्काची पट्टी आत ठेवली, तेव्हा खुर्चीतच त्यांचे आवळलेले खांदे सैल झाले.

म्हणून पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉनं पिणं नाही. लाळ गिळून टाका. ती दिवसभर गुलाबी दिसली तरी घाबरू नका. गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा, उघडून उघडून बघू नका. गालावर बाहेरून बर्फ लावा, झोपताना उशी उंच घ्या. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आधीच, काहीतरी खाऊन घ्या. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच फिरवून ओठातून सोडून द्या. खायला मऊ खिचडी, दहीभात, गार ताक. मिसळ आठवडाभर नको, चिवडाही नको, त्याचे कण नेमके टाक्यात जाऊन बसतात. आणि सिगारेट, तंबाखू, मिश्री यांना कळकळीनं हात जोडतो, जखम भरेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरते. तुमचं काम उभ्यानं, मशीनवरचं असेल तर तीन-चार दिवसांची रजा टाका. टाके साधारण आठवड्यानं काढतात.

बोळा पुन्हा चावून धरूनही ताजं रक्त तोंडात भरतच राहिलं, किंवा तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढायला लागली, ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गिळता येईना, श्वास अडकतोय असं वाटलं किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.