गाडी जॅकवर घेताना : वाचकांचे प्रश्न

चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक वापरणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच मुद्द्याचे प्रश्न जोडून, थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : माझी गाडी 1,200 किलोची आहे. 2 टनी जॅक पुरेल की 3 टनीच घ्यावा?

वजनाच्या हिशेबाने 2 टनी भरपूर झाला. जॅक अख्खी गाडी कधीच उचलत नाही. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा साधारण 60 टक्के भार पुढच्या चाकांवर असतो. म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम उचललीत तरी जॅकवर सव्वासातशे किलोच्या आसपासच येतात, आणि एकच कोपरा उचलला तर त्याहून बरेच कमी. 3 टनी जॅकचा खरा फायदा वेगळा आहे : त्याची चौकट रुंद असते, गाडीला टेकणारी वरची वाटी मोठी असते आणि तो डगमगतो कमी. तोटा असा की तो उचलून इकडून तिकडे नेणं जिवावर येतं.

टनांपेक्षा दोन उंच्या नीट पाहा. पूर्ण खाली असताना वाटी किती उंच राहते, आणि पूर्ण वर गेल्यावर किती. बसक्या गाडीखाली 14 सेंटिमीटरचा जॅक शिरतच नाही, तर उंच एसयूव्हीत गाडी वर जात असताना स्प्रिंग सैल पडून चाक खाली लोंबत राहतं आणि जॅकची निम्मी उंची तिथेच खर्ची पडते. ती कमी पडली म्हणून वाटीवर लाकडाच्या फळ्या रचू नका. उंची कमी पडते म्हणजे जॅक त्या गाडीचा नाही. आणि ओव्हरलोडसाठी बसवलेल्या झडपेचा स्क्रू कोणी ‘जरा आवळून देतो’ म्हणालं तर हात लावू देऊ नका.

प्रश्न : जॅक मारताना गाडी माझ्याकडे ओढल्यासारखी होते. एकदा वाटी घसरून कडेला आली. जॅक खराब आहे का?

बहुतेक जॅक ठणठणीत असेल. दोष जमिनीचा आहे, किंवा जॅक लावण्याच्या पद्धतीचा.

ट्रॉली जॅकची वाटी सरळ वर जात नाही. ती एका तिरक्या हाताच्या टोकाला असते आणि तो हात मागच्या बाजूच्या खिळीभोवती फिरतो, त्यामुळे वाटी कमानीत वर चढते. समजा हात 30 सेंटिमीटर लांब आहे आणि आडव्या स्थितीतून वाटी 25 सेंटिमीटर वर गेली, तर तेवढ्यात ती साधारण 13 सेंटिमीटर दांड्याच्या दिशेने मागे येते. गाडी तर जागची हलायला नको. मग हे अंतर भरून कोण काढणार? जॅक स्वतः. गाडी वर जाईल तसा तो आपल्या चाकांवर गाडीखाली पुढे सरकतो, आणि तसा तो सरकलाच पाहिजे. चाकं त्यासाठीच दिलेली आहेत.

आता जॅक मुरुमावर, खडीवर किंवा दोन फरश्यांच्या सांध्यात असेल तर चाकं अडतात. मग दोनच गोष्टी होऊ शकतात : गाडी तुमच्याकडे ओढली जाते, किंवा वाटी गाडीच्या पत्र्यावरून घसरते. तुमच्याकडे दोन्ही झाल्या.

म्हणून जॅकखालची जागा सपाट, कडक आणि झाडून साफ केलेली हवी. सुपारीएवढा खडा पुढच्या लोखंडी चाकाला अडवायला पुरतो. जमीन मऊ असेल तर 18-20 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड अंथरा, पण जॅकपुरतंच नको. पुढे सरकायला निदान 20 सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, नाहीतर ऐन उंचीवर चाक प्लायच्या कडेवरून खाली उतरतं. जॅकची पुढची चाकं वळत नाहीत, मागची तेवढी वळतात. तेव्हा बाजूने उचलताना दांडा गाडीला काटकोनात ठेवा. तिरपा लावलेला जॅक तिरपाच सरकतो. काही जण जॅक ‘हलू नये’ म्हणून त्याच्याच चाकांना दगड लावतात. हे तर घसरण्याला आमंत्रण.

सवय अशी लावा : वाटी टेकली की थांबून खाली वाकून पाहा, ती मधोमध बसली आहे का. चाक जमिनीवरून सुटता सुटता पुन्हा पाहा. त्यानंतर दर चार-पाच दांड्यांमागे जॅक पुढे सरकतोय ना, एवढं बघितलं की झालं. सरकत नसेल तर खाली उतरवून जागा बदला. अर्ध्यावर लाथ मारून सरकवू नका.

प्रश्न : हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गियरमध्ये. तरीही चाकांना पाचर लावायची सक्ती कशाला?

कारण या दोन्ही गोष्टी गाडीची सगळी चाकं धरत नाहीत, आणि जी धरतात ती नेमकी तुम्ही हवेत उचलता.

बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो. मागची दोन्ही चाकं उचललीत की तो हवेतल्या चाकांना घट्ट धरून बसतो, जमिनीवरच्या चाकांना त्याचं काही देणंघेणं नसतं. गियरचं गणित त्याहून फसवं आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचं एक चाक उचललं की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गियरची जोडणी, आपलं काम करतं : जमिनीवरचं चाक फिरू शकतं आणि हवेतलं उलट्या दिशेने मोकळं गरगरतं. इंजिन जागचं हललं नाही तरी गाडी घरंगळू शकते. ऑटोमॅटिकच्या ‘पी’चंही तेच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची तर आणखी पंचाईत. गियर आणि हँडब्रेक दोन्ही मागेच, आणि मागची बाजू वर गेली की गाडीला धरायला काहीच उरत नाही.

म्हणून ज्या टोकाकडे उचलताय त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून पाचर लावा. पाचर टायरच्या उंचीच्या निदान चौथ्या भागाइतकी उंच हवी आणि टायरला भिडलेली हवी. गोल दगडावरून टायर चढून जातो. हँडब्रेक आणि गियर वापरायचे नाहीत असं नाही, तेही लावाच. उतारावर मात्र यातलं काहीही पुरेसं नाही. उतारावर जॅक लावू नये.

प्रश्न : दाराखालची कड जॅकमुळे चेपली. जॅक नक्की लावायचा कुठे?

दाराखालच्या पट्टीला खाली जी पत्र्याची उभी कड असते, तिच्यावर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे प्रत्येकी दोन जवळजवळच्या खाचा किंवा खुणा असतात. त्या दोन खाचांच्या मधल्या भागातच आतून जादा पत्रा जोडून मजबुती दिलेली असते. हातभर इकडे-तिकडे सरकलात की कड वाकते. योग्य जागी लावूनही ती चेपू शकते, कारण ट्रॉली जॅकची वाटी सपाट लोखंडी असते आणि सगळा भार त्या अरुंद कडेच्या धारेवर येतो. यावर उपाय म्हणजे मधे खाच असलेला रबरी पॅड. कड खाचेत बसते आणि भार तिच्या दोन्ही बाजूंच्या रुंद भागावर जातो.

पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची असतील तर मधला जाड क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीखालची आडवी लोखंडी तुळई. तोही गाडीच्या मॅन्युअलमध्ये जागा म्हणून दाखवलेला असेल तरच. इंजिनचं ऑइल चेंबर, गियरबॉक्सचं झाकण, सायलेन्सरचा पाइप, रेडिएटरखालची पट्टी आणि फ्लोअरचा पत्रा यांना जॅक लावायचा नाही. चेंबरचा पातळ पत्रा दबला की आतली तेल ओढणारी जाळी त्याला टेकते आणि इंजिनला तेल कमी पडू लागतं. बाहेरून दिसते फक्त एक चेप.

प्रश्न : दहा मिनिटांचं काम असेल तरी स्टँड (गाडी पेलून धरणारे लोखंडी आधार) लावायचेच? जॅक तर गाडी तासभर धरून ठेवतो.

लावायचेच. दहा मिनिटांची सवलत नाही.

जॅकच्या आत गाडीचं वजन तेलावर तोललेलं असतं, आणि ते तेल मागे जाऊ नये म्हणून काही मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी छर्रा आपल्या बैठकीवर दाबून बसलेला असतो. तेलात आलेला धातूचा बारीक कण छर्रा आणि बैठक यांच्यामध्ये अडकला की तेल परत जायला वाट मिळते. सील बहुतेक वेळा हळूहळू झिजतं आणि आधी इशारा देतं, पण एखादं सील दाब असतानाच फाटतं. बाहेरून जॅक दोन्ही वेळी सारखाच दिसतो. तासभर धरला हे खरं. पण पुढच्या मिनिटाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. शिवाय कोणी चुकून दांडा फिरवला तरी गाडी खाली सोडायची झडप उघडते.

स्टँड जोडीने, एकाच उंचीवर, मॅन्युअलने दाखवलेल्या मजबूत जागांखाली लावा. त्यांच्यावर लिहिलेला भार एका स्टँडचा आहे की जोडीचा, ते लेबलवर बघा. इथे पुष्कळांची गफलत होते. दात्यांचा स्टँड असेल तर खटका दात्यात पूर्ण बसलाय का, पिनवाला असेल तर पिन आरपार गेली का, हे हाताने चाचपून पाहा. मग जॅक अगदी हळू सोडून वजन स्टँडवर घ्या. खाली जाण्याआधी बाहेर उभं राहून गाडीला खांद्याने चांगला धक्का द्या. हलायचीच असेल तर तेव्हा हलू दे. जॅक काढून टाकू नका, नुसता टेकवून ठेवा, आणि काढलेलं चाक आडवं करून दाराच्या पट्टीखाली सरकवा.

उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात, तिथेही खाली प्लायवूड हवं. विटा आणि पोकळ सिमेंट ब्लॉक तर अजिबात नाहीत. ते कुरकुरत नाहीत, वाकत नाहीत. भार एका कोपऱ्यावर आला की एकदम फुटतात.

प्रश्न : चाकाचे नट गाडी उचलून मग सोडायचे की आधी?

आधी, चाक जमिनीवर असताना, पाव ते अर्धा फेरा सैल करायचे, काढायचे उचलल्यावर. जॅकवरच्या गाडीला पान्याने हिसके दिले तर गाडी जॅकवरून जाते. बसवतानाही हवेत नुसते टेकेपर्यंत, समोरासमोरच्या क्रमाने. शेवटचं आवळणं चाक जमिनीवर आल्यावर. लहान गाड्यांना ते साधारण 90 ते 120 न्यूटन-मीटर असतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

प्रश्न : जॅक उचलतो पण हळूहळू बसतो. तेल कमी झालं असेल तर ब्रेक ऑइल घालून चालेल?

ब्रेक ऑइल नको. ते बहुतेक वेळा ग्लायकॉलचं असतं आणि जॅकची सीलं खनिज तेलासाठी बनवलेल्या रबराची. ती फुगतात, मऊ पडतात आणि थोड्याच दिवसांत जॅक कायमचा बसतो. हायड्रॉलिक जॅकचं तेल घ्या, बहुतेक जॅकना 22 किंवा 32 ग्रेडचं चालतं.

पण तुमच्या जॅकचं दुखणं तेल कमी असण्याचं वाटत नाही. तेल कमी असेल तर जॅक पूर्ण उंची गाठत नाही. आत हवा असेल तर पहिले काही दांडे रिकामे जातात किंवा वाटी झटक्याझटक्याने चढते. उचलून मग बसत जाणं म्हणजे सोडायची झडप पूर्ण बंद झालेली नाही, छर्ऱ्याखाली घाण आहे, किंवा आतलं सील झिजलंय. आधी झडप नीट बंद करून पाहा. मग जुनं तेल पूर्ण काढून नवं भरा, कारण घाण त्याच्याबरोबर निघून जाते. तेल जॅकचा हात पूर्ण खाली असतानाच भरायचं, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. हात वर असताना भरलंत तर तो खाली येताना जादाचं तेल बाहेर उसळतं. मग झडप पूर्ण उघडी ठेवून दांडा 10-15 वेळा भरभर मारा, झडप बंद करा, आणि रिकामा जॅक दोनदा वरपर्यंत नेऊन आणा.

चाचणी गाडीखालीच घ्या, पण स्टँड दोन सेंटिमीटर खाली, झेलायला तयार ठेवून. वाटीची उंची मोजा, पाव तासाने पुन्हा मोजा. अजूनही बसत असेल तर सीलचा संच बदलावा लागेल. दट्ट्यावर खरवड पडलेली असेल तर नवं सीलही टिकणार नाही. तेव्हा जॅक सरळ मोडीत काढा. आणि जॅक आडवा टाकून ठेवू नका, पंपात हवा शिरते.

प्रश्न : सोडताना गाडी धाडकन खाली येते.

दांडा जास्त फिरवताय. पाव फेऱ्याच्याही आत झडप उघडायला लागते; गाडी हलली की तिथेच थांबा. वजन जास्त तितकी तीच फट जास्त वेगाने तेल सोडते, म्हणून रिकाम्या जॅकवर बसलेला हाताचा अंदाज भरलेल्या गाडीखाली चुकतो. दांडा आणि झडप यांच्यातला सांधा झिजला असेल तर आधी नुसता खुळखुळ आणि मग एकदम झटका, असंही होतं. तो सांधा बदलून घ्या. स्टँड काढण्यापूर्वी गाडी सेंटिमीटरभर वर घ्या आणि मगच ते ओढा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी याच जॅकने उचलता येते का?

येते, वजन जॅकच्या हद्दीत असेल तर. पण तिच्या पोटाचा बराचसा भाग बॅटरीचं आवरण असतं, आणि ते दबलं तर प्रकरण पत्र्याच्या चेपीवर थांबत नाही. उचलायच्या ठरावीक जागा बॅटरीच्या कडेबाहेर असतात, काहींत तिथे गोल भोक असतं आणि त्यात बसणारा पॅड लागतो. तो नसेल तर काम पॅड येईपर्यंत थांबवा. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर तोललेली गाडी) असलेल्या कोणत्याही गाडीत आधी जॅक मोड चालू करा, नाहीतर गाडी उचलत असताना तीच स्वतःची उंची बदलायला लागते.