वाळवंटातल्या तळ्यावर पहिल्यांदा जाताय?
तळं आहे म्हणून पिण्याचं पाणी कमी नेऊ नका. अशी बरीच तळी खारट असतात आणि साध्या फिल्टरने मीठ जात नाही. माणशी दिवसाला 4 लिटर, वर एका दिवसाचा जादा साठा.

कयाक सकाळीच काढा. दुपारी जमीन तापली की वारा उठतो, बघता बघता लाटा वाढतात. किनारा धरूनच वल्हवा. लाइफ जॅकेट अंगात हवं, पायाशी नव्हे.

तंबूच्या नेहमीच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा, हातभर खोल पुरून वरून पायाने दाबा. कोरड्या ओढ्याची जागा कितीही सपाट दिसो, तिथे तंबू नको: पाऊस लांब डोंगरात पडतो, लोंढा इथे येतो.

गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. टायरची हवा 18-20 पीएसआयवर आणा, चाकापुढची वाळू उपसा. परतताना हवा भरायला पंप लागेलच.