छताला द्राक्षं टांगण्याआधी

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

क्लीव्हलंडला तुझ्या सासरच्या स्लोव्हेन, म्हणजे मूळच्या स्लोव्हेनियातल्या, मंडळींच्या हॉलनं यंदाच्या ऑक्टोबरच्या ‘विन्स्का तर्गातेव’ या मेळाव्याची जबाबदारी तुझ्या गळ्यात घातली हे कळलं. कार्यक्रमपत्रिका कशी आखू, असं तू विचारलं आहेस. पत्रिका सगळ्यात शेवटी कर. आधी दोनशे माणसांच्या हातांना काय उद्योग देणार ते ठरव. स्लोव्हेन मेळाव्यात प्रेक्षक नावाचा प्राणी नसतो. लोकांना खुर्चीत बसवून टाळ्या वाजवायला लावल्यास की नऊच्या आत कोट शोधायला सुरुवात होते, आणि बारची कमाई तिथंच थांबते.

तर्गातेव म्हणजे द्राक्षतोडणी. हॉलमध्ये तिचा खेळ होतो. नाचाच्या फरशीवर मांडव घालून घड टांगतात. पाहुण्यांनी नाचता नाचता ते चोरायचे. राखणदार चोराला पकडतात, न्यायाधीश दंड ठोकतो, पैसे नसतील तर कोपऱ्यातली कोठडी आहेच. सगळ्यांच्या वर ‘झुपान’, म्हणजे गावप्रमुख. दंडाचे पैसे हॉलच्या गल्ल्यात जातात. तिकिटातून जेवणाचा आणि बँडचा खर्च निघतो. छपराच्या डागडुजीला काही उरलं तर ते दंड आणि बार यांतूनच उरतं. म्हणून खेळ नीट चालणं हे जेवणाइतकंच महत्त्वाचं धर.

आता मांडव. नाचाच्या फरशीच्या मधोमध आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद जाळं पुरतं. जस्ताचा मुलामा दिलेली तार उभी-आडवी साधारण ९० सेंटिमीटरवर ताण, म्हणजे ऐंशीच्या आसपास गाठी मिळतात. प्रत्येक गाठीला एक घड. घड सरासरी ३०० ते ३५० ग्रॅमचा धरला तर २६-२७ किलो होतात. तू ३० किलो घे, कारण पेटीतले काही घड हाताळतानाच सुटतात. घडाचं टोक जमिनीपासून सव्वादोन मीटरवर असावं. हात उंच करावा लागला पाहिजे, उडी मारावी लागता कामा नये. उडी मारणारा माणूस खाली येतो तो शेजारणीच्या पायावर. मुलांसाठी एका कोपऱ्यात दीड मीटरवर वेगळी ओळ ठेव, नाहीतर ती मोठ्यांच्या खांद्यावर चढतात.

तार मधोमध झोळ खाते. दोन ठिकाणी वरच्या तुळईला दोरीनं उचलून धर. आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या नळाला मात्र काहीही बांधू नकोस, आणि बाहेर जाण्याच्या दिव्याच्या पाट्या पानांनी झाकू नकोस. अग्निशमन निरीक्षक आला तर आधी याच दोन जागा बघतो. खरी वेलीची पानं तीन-चार तासांत मान टाकतात. कागदी वापरायची तर न पेटणारी आण.

द्राक्षं कुठली? ईरी सरोवराच्या काठानं कॉनकॉर्ड पिकतं, स्वस्त मिळतं आणि वास असा की हॉल भरून जातो. मोह होईल, पण ते टांगू नकोस. पिकलं की मणी देठाला धरत नाही, साल चिमटीतच सुटते आणि बुळबुळीत गर फरशीवर पडतो. पोल्का, म्हणजे जोडीनं करायचा झपाट्याचा नाच, नाचणाऱ्याच्या चामडी तळाखाली एक मणी आला की माणूस आडवा. कॉनकॉर्डच्या टोपल्या दाराशी ठेव, वासापुरत्या. वर टांगायला हिरव्या देठाचे, घट्ट मण्यांचे खायचे घड घे. शीतपेटीतून काढल्या काढल्या बांधलेस तर त्यांना घाम सुटतो आणि सुतळी सरकते. दोन तास आधी बाहेर काढ, कोरडे होऊ दे, दुपारी तीन-चारला टांग. आदल्या रात्री टांगलेले घड दुसऱ्या संध्याकाळी सुकलेले दिसतात.

खेळाचा खरा धोका वेगळाच आहे. राखणदारांना अधिकार चढतो. एखादा नवखा पाहुणा, बहुधा कुणाचा तरी जावई, मुकाट एक मणी तोंडात टाकतो आणि दोघं त्याला दंडाला धरून फरफटत नेतात. त्याला हे हसण्यावारी न्यायचं आहे हे माहीतच नसतं. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही भाषांत, दोन मिनिटांत नियम सांग. पहिली अटक हॉलच्या अध्यक्षाची किंवा पाद्रीबाबांची करायची, आणि तीही त्यांना आधी सांगून. ती बघितली की बाकीचे आपणहून चोरीला लागतात. राखणदार चार पुरेत, दोन-दोनच्या जोडीनं. दंड एक किंवा दोन डॉलर, कोठडी जास्तीत जास्त पाच मिनिटं. कोठडी पुठ्ठ्याच्या गजांची, कडी-कुलूप नाही. लहान मुलांना आणि हातात काठी असलेल्यांना अटक नाही. न्यायाधीश निवडताना मोठ्या आवाजाचा नको, हजरजबाबी बघ. गुन्ह्याचं कलम त्याला तिथल्या तिथं रचता आलं पाहिजे. त्याच्या गल्ल्यात सुरुवातीला एक-एकच्या शंभर नोटा सुट्ट्या ठेव. रात्री पैसे दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची. पुण्याच्या मंडळात तू पावतीपुस्तक सांभाळलं आहेस, हे तुला शिकवायला नको.

स्वयंपाकघर. क्रांयस्का पद्धतीची क्लोबासा, म्हणजे लसूण-मिरी घातलेली डुकराच्या मांसाची धुरी दिलेली सॉसेज, माणशी एक, पाव कोंबडी, आंबवलेली कोबी, तव्यावर परतलेले बटाटे, शेवटी पोतीत्सा. क्लोबासा उकळत्या पाण्यात टाकू नकोस, आवरण फाटतं आणि सगळा रस पाण्यात जातो. पाणी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेव, वीसेक मिनिटं, आणि आतलं तापमान ७१ झालं का ते सुईच्या थर्मामीटरनं बघ. कोबी माणशी १५० ग्रॅम, म्हणजे ३० किलो. निम्मी धुऊन घे, निम्मी तशीच. सगळी धुतलीस तर गवत, सगळी तशीच ठेवलीस तर दात आंबतात. कोबीत परंपरेनं डुकराची चरबी असते, तेव्हा शाकाहारी पाहुण्यांसाठी एक पातेलं तेलात वेगळं कर आणि त्याचा डावही वेगळा ठेव. बटाटे माणशी पाव किलो. आदल्या दिवशी सालासकट उकडून गार करायचे, दुसऱ्या दिवशी चकत्या करून कांद्यावर परतायचे. ताजे उकडलेले परतायला घेतले की त्यांची भाजी होते. वाढपाच्या रांगेत अन्न ५७ अंशांच्या खाली येऊ देऊ नकोस.

पोतीत्सावर मात्र माणसं भांडतील, आणि भांडू देत. आंबवलेल्या कणकेची पातळ पोळी, तिच्यावर अक्रोडाचं सारण, मग घट्ट गुंडाळी. ‘स्लोव्हेन्स्का पोतीत्सा’ हे नाव युरोपीय संघानं २०२१ साली पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवलं, त्यात पाच सारणं धरली आहेत: अक्रोड, अक्रोड-बेदाणे, बेदाणे, टॅरागॉनचा पाला, आणि टॅरागॉनसोबत ताजं चीज. हॉलमधल्या आजीबाईंना हा कागद दाखवायला जाऊ नकोस. त्यांच्या घरची पोतीत्सा पावाच्या लांबट साच्यात भाजलेली असते आणि त्यांच्या लेखी तीच खरी. फसते कुठे तेवढं लक्षात ठेव. कापल्यावर सारण आणि कणीक यांच्यात पोकळी दिसली तर सारण गरम असताना पसरलं होतं, गुंडाळी सैल होती, नाहीतर भाजण्याआधी लांब काडीनं आरपार टोचलं नव्हतं. बुडाशी कच्चट पट्टा राहिला तर सारण ओलं होतं. पोळी चार मिलिमीटरची, सारण जवळजवळ कणकेच्या वजनाइतकं, १७० अंशांवर तासभर. साच्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून मग उलटी कर, आणि त्याच दिवशी कापू नकोस. दीड किलोच्या एका पोतीत्साचे साठ ग्रॅमचे पंचवीस तुकडे होतात. दोनशे जणांना आठ लागतात, तू दहा कर. दोन घरी घेऊन जायला मागतातच.

संगीत. इथं दोन चाली आहेत आणि बँड ठरवण्याआधी कुठली हवी ते विचार. एक क्लीव्हलंडची, फ्रँकी यांकोविच (१९१५–१९९८) यांनी देशभर नेलेली: पियानो अकॉर्डियन, बँजो, ड्रम. पोल्का या प्रकाराचा पहिला ग्रॅमी १९८६ साली त्यांनाच मिळाला. दुसरी मायदेशातली, म्हणजे स्लोव्हेनियातली, स्लाव्को आव्सेनिक यांच्या वाद्यवृंदानं १९५३पासून घडवलेली: अकॉर्डियन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, गिटार आणि खालच्या सुराचं पितळी वाद्य. जुन्या हॉलच्या लोकांचे पाय पहिल्या चालीवर चटकन उठतात, दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या घराण्यांचे दुसरीवर. बटणांची पेटी, म्हणजे बटणांचं अकॉर्डियन, वाजवणारा पोरगा हाताशी असेल तर मध्यंतरात त्याला टेबलांमधून फिरव, ती दोन्हीकडे चालते. वाजवणं ४५ मिनिटं, विश्रांती २०. दोन पोल्कांनंतर एक वॉल्ट्झ, नाहीतर साठीच्या पुढचे दमून बसतात ते उठत नाहीत. सोडत विश्रांतीत काढ. भाषण एकच, तेही जेवणाआधी. नाच घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो, म्हणून बारची रांग फरशीच्या कडेला येऊ देऊ नकोस. पन्नास जोड्यांना शंभर चौरस मीटर मोकळे हवेत. तिकिटं जास्त खपली म्हणून आणखी चार टेबलं घुसवलीस तर त्या रात्री नाचच होणार नाही.

एक नाजूक गोष्ट. या शहरात स्लोव्हेन दोन मोठ्या लाटांनी आले. पहिली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेचा कोटा कायदा १९२४ साली येईपर्यंत, दुसरी १९४५नंतर ऑस्ट्रियातल्या निर्वासित छावण्यांमधून. पहिल्या लाटेतही चर्चची माणसं आणि समाजवादी-मुक्तविचारी माणसं वेगळी होती. सेंट क्लेअर रस्त्याजवळ सेंट व्हायटसचं चर्च आहे आणि खुद्द त्या रस्त्यावर १९२४ साली उघडलेलं स्लोव्हेनियन नॅशनल होमही आहे, ते उगाच नव्हे. दुसरी लाट कम्युनिस्टांपासून पळालेली. या सगळ्यांची नातवंडं आज एकाच टेबलावर बसतात. माइकवर युद्धाबद्दल एक वाक्यही नको. कुणाच्या माळ्यावरून आलेला, मधोमध लाल तारा असलेला कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाच्या काळातला झेंडा सजावटीत लागला तर अर्धा हॉल उठून जाईल. नवा झेंडा मागवलास तरी पेटी उघडून बघ. दुकानं स्लोव्हाकियाचा पाठवतात. रंग तेच, पण त्यांच्या ढालीवर दुहेरी क्रूस असतो. स्लोव्हेनियाच्या ढालीवर त्रिग्लाव डोंगर आणि वर तीन सोनेरी चांदण्या, आणि ढाल काठीकडच्या वरच्या भागात.

राष्ट्रगीत गाणार असाल तर कवी फ्रान्त्से प्रेशेरेन यांच्या ‘ज्द्राव्लित्सा’ या कवितेचं सातवं कडवं, तेवढंच. कागदावर छापून प्रत्येक टेबलावर ठेव. चौथ्या पिढीला चाल येते, शब्द येत नाहीत, आणि ओठ नुसते हलवायची लाज वाटून ती मंडळी त्या वेळी बाहेर जाऊन उभी राहतात.

अकरा नोव्हेंबरचं मार्तिनोवान्ये या कार्यक्रमात मिसळू नकोस. द्राक्षरसाची वाइन होते तो सण वेगळा: खोटा बिशप रसाला बाप्तिस्मा देतो, भाजलेलं हंस, सोबत म्लिंत्सी नावाची भाजून मग भिजवलेली पातळ पोळी आणि लाल कोबी. दोन्ही एकात उरकायचा प्रस्ताव समितीत दरवर्षी कुणीतरी मांडतं. खर्च वाचतो हे खरं, पण एका कार्यक्रमाचं तिकीटही बुडतं. जानेवारीतलं डुकराच्या मांसाचं जेवण आणि फेब्रुवारीतले केसाळ पोशाखातले सोंगाडे, म्हणजे कुरेंत, यांचं पुढच्या पत्रात बघू.

वयस्कांशी बोलताना ‘ती’ नाही, ‘वी’ म्हण. त्यांचं ‘ती’ म्हणजे आपलं ‘तू’. आडनावाआधी बाईंना ‘गोस्पा’, पुरुषांना ‘गोस्पोद’. पेला भिडवताना ‘ना ज्द्राव्ये’ म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. बघितलं नाहीस तर टोकतील.

तुझा,
काका

ता. क. – फरशीच्या चारही कोपऱ्यांत एकेक ओला पोछा आणि एकेक माणूस, पहिल्या पोल्कापासून. वर बाकी काही विसरलीस तर चालेल.