छोटी भूमिका हाती आली तर

दोन प्रवेशांची भूमिका मिळाली म्हणून खट्टू होऊ नकोस. चरित्र अभिनेत्याची, म्हणजे नायकाऐवजी सहायक पात्रं रंगवणाऱ्याची, कारकीर्द अशाच भूमिकांनी उभी राहते. पण त्यासाठी संपूर्ण संहिता वाच, फक्त आपली वाक्यं नको. इतर पात्रं तुझ्या पात्राबद्दल तुझ्या मागे काय बोलतात, तिथेच निम्मी भूमिका सापडते.

रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. कॅमेरा क्लोजअपला असेल तर पापणीची हालचालही मोठी दिसते. मी नाटकातून पडद्यावर आलो तेव्हा पहिले कित्येक दिवस माझा चेहरा ओरडत होता! आवाज कमी केला होता, भुवया मात्र नाट्यगृहातच राहिल्या होत्या. उपाय एकच सापडला: समोरच्याचं खरोखर ऐकायचं. ऐकणारा चेहरा खोटा पडत नाही.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. शेवटचा प्रसंग आधी, पहिला नंतर, असं सर्रास घडतं. म्हणून प्रत्येक प्रसंगाआधी पात्र कुठून आलंय, किती थकलंय, काय जाणतंय, हे वहीत लिहून ठेव. कप कोणत्या शब्दावर उचललास तेही लक्षात ठेव आणि पुन्हा चित्रित करताना तसंच कर, नाहीतर तुकडे जुळणार नाहीत आणि संकलनात तुझा उत्तम शॉट बाद होईल.

आणि सहकलाकाराचा क्लोजअप चालू असताना कॅमेऱ्यामागे उभं राहून त्याला पूर्ण जीव ओतून वाक्यं दे. तू चौकटीत नसलास तरी.